कागदाएवढा पांढरा

मे महिन्यातला पांढरा रंग
नंदुरबारच्या माणसाला शिकवावा लागत नाही.
दुपारी दोनला मी दुकानाचं शटर अर्धं ओढतो,
उरलेल्या फटीतून जो आत घुसतो तो पांढरा,
डोळा मिटला तरी आत हिरवा डाग ठेवणारा.
माझ्या फायलींमध्ये मात्र पांढरा म्हणजे दोनशे पंचावन्न.
टोपी दोनशे पंचावन्न, चुन्याची भिंत दोनशे पंचावन्न,
सूर्यसुद्धा.
त्याच्या वर जिनाच नाही.

प्रज्योत बोरसेनं टीव्ही घेतलाय, पासष्ट इंची,
हजार निट्सचा.
पेन ड्राइव्ह काउंटरवर आपटून म्हणाला,
"कानबाईचा फोटो पेटला पाहिजे."
पेटला, हाच शब्द.

दोन हजार तीनचा श्रावण, स्कॅन केलेला.
चौरंगावर कानबाई, नारळाला नथ, कुंकवाचा मळवट,
मागे त्याची आजी झिपाबाई, पदराचं टोक दातात,
आणि उजवीकडे, समई असावी तिथं,
एक पांढरं भोक.

काम सांगायला सोपं.
शिडी तीच, फक्त वरच्या पायऱ्या ताणायच्या.
चेहऱ्याला कागदाएवढाच उजेड ठेवायचा, दोनशेच्या आसपास,
नाहीतर माणूस ट्यूबलाइट गिळल्यासारखा दिसतो.
नथीचा मोती उचलायचा. काठाची जर, थोडी.
सावल्यांना फार छेडायचं नाही,
तिथं पायऱ्या मोजक्या, ताणलं की पट्टे उमटतात
तापीचं पाणी उतरताना वाळूवर उमटतात तसे.

शिकाऊ होतो तेव्हा सगळंच उचलायचो.
पथारीवर वाळणाऱ्या मिरच्यांचा एक फोटो
इतका तापवला, इतका तापवला
की गिऱ्हाईक शिंकलं नाही एवढंच.
लाल तेवढा उरला, मिरची गेली.
देठ गेले, सुरकुत्या गेल्या,
वाळताना धरते ती काळपट कडही गेली.

पण भोक अडतं.
अंधारात निदान काहीतरी दडलेलं असतं,
इथं दडायलाही जागा नाही.
प्रोग्रॅम विचारतो, भरू?
भर म्हटलं.
लाखो ज्योती पाहून बसलाय तो,
त्यातली एक देखणी आणून लावली,
निळसर बूड, पिवळी शेंडी,
कुठल्याच घरची नसलेली.

प्रज्योत खूश. संध्याकाळी आजीलाच घेऊन आला स्कूटीवर.
झिपाबाईंनी चष्मा पुसला, स्क्रीनच्या इतक्या जवळ गेल्या
की ज्योत त्यांच्या काचांत दोनदा पेटली.
"हाई काय शे?"
समई, आजी.
"समई डावीकडे व्हती रे भो. वारामा इझाई गयी व्हती.
लाईट बी नव्हती त्या रातले.
तठे पितळनं ताट व्हतं.
आनि ताटमा तुना बापनी बत्ती."

माझा बाप.
खांद्याला बॅटरीची पिशवी, हातात हातोड्याएवढा फ्लॅश.
लोडशेडिंगच्या त्या रात्री
अख्ख्या खोलीत त्याचाच काय तो उजेड,
डोळ्याचं पातं लवेपर्यंतही न टिकणारा,
आणि ताटानं तो आल्या पावली परत पाठवलेला.

ज्योत काढून टाकली.
भोक पुन्हा भोक झालं.
मग त्याला आकार न देता, रंग न देता
नुसतं वर नेत गेलो,
चारशे, सहाशे, साडेआठशे.
प्रज्योत म्हणाला, भाऊ, डोळ्याला लागतंय.
"लागीच ना," आजी म्हणाल्या,
"तवय बी लागनं व्हतं."

फाइल सेव्ह करताना एक चौकोन भरावा लागतो:
ह्या चित्रातला कमाल उजेड किती.
मी नऊशे लिहिलं.
ताटाला विचारलं असतं तर
त्यानं वेगळा आकडा सांगितला असता.

पैसे शंभर कमी घेतले. का, ते प्रज्योतनं विचारलं नाही.
झिपाबाई पायरी उतरताना एकदा थांबल्या,
हात कपाळाशी नेला, ऊन आल्यासारखा.
बाहेर केव्हाच अंधार झाला होता.